दिवाणखान्यातलं वाळवण

मी जीपमधून उतरले तेव्हा आमचा मधूदादा भिंतीला ताक पाजत होता.

एका हातात बादली, दुसऱ्या हातात चुना द्यायचा कुंचा, अंगात परीटघडीचा सदरा आणि त्यावर ताकाचे शिंतोडे. बाजूला घमेल्यात पातळ शेण कालवून ठेवलेलं. आधी शेणाचा एक हात, त्यावर ताकाचा एक हात, असं मन लावून चाललं होतं. बंगल्याच्या पायरीवर बसून आमची द्वारकाआत्या कॉफीची लाल फळं निवडत होती आणि अधूनमधून भाच्याकडे पाहत होती.

"हे काय गं आत्या?" मी विचारलं.

"भिंतीले बाळसं येऊन रायलं," आत्या म्हणाली. "ताक पेली का शेवाळ धरते म्हंते. शेवाळ धरलं का भीत जुनी. भीत जुनी झाली का सरकार खुश."

"आत्या, याला शास्त्र आहे," दादा वळून न पाहता म्हणाला. "भिंतीला वय यावं लागतं."

"मंग मलेच काऊन नाई दाखवत सरकारले? मले तं ताक न पेताच आलं."

मी तेव्हा अमरावतीला शाळेत शिकवत होते आणि संक्रांतीला चार दिवस वर आले होते. आमचा मळा चिखलदऱ्याच्याही पलीकडे, डोंगराच्या कुशीत. जुन्या काळी कुणा एका साहेबानं तिथं कॉफी लावली, दगडी जोत्यावर बंगला बांधला, सोललेली कॉफी भिजवायला हौद बांधले आणि वाळवायला खळं केलं. खळं म्हणजे फरसबंद अंगणच, पण काय अंगण! दगडाला दगड असा भिडवलेला की दाणा अडकत नसे, आणि उतार इतका बेताचा की पाणी निघून जाई पण कॉफी जागची हलत नसे. साहेब गेला, बंगल्याचं छप्पर बसलं, आणि पुढे आमच्या बाबांनी ते सगळं विकत घेऊन पुन्हा उभं केलं. बाबांची बहीण द्वारका, सासरहून माघारी आलेली, तिच्या हाती त्यांनी कॉफी सोपवली. कागदावर तिच्या नावाचं एक पान नव्हतं, पण परतवाड्याचा व्यापारीसुद्धा 'द्वारकाबाईची कॉफी' असंच म्हणायचा.

बाबा गेल्यावर मळा दादाचा झाला. दादानं आधी मधमाश्या पाळल्या, त्या त्याला चावून जंगलात निघून गेल्या. मग स्ट्रॉबेरी लावली, ती रानडुकरांना फार आवडली. शेवटी कुठंतरी त्यानं वाचलं की जुन्या इमारतीला सरकार वारशाचा दर्जा देतं, मग दुरुस्तीला हातभार मिळतो, पाटी लागते आणि पाटी पाहून पर्यटक येतात. झालं! त्या दिवसापासून आमच्या घरात जे जे जुनं नव्हतं ते ते जुनं होऊ लागलं. अमरावतीच्या भंगारबाजारातून एक कर्णा असलेला ग्रामोफोन आला, एक सांबराचं डोकं आलं, आणि कुठल्याशा मिशाळ गोऱ्याची तसबीर आली. तो गोरा कोण, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. दादानं त्याला कर्नल केला आणि दिवाणखान्यात टांगला.

मी खळ्याकडे वळले आणि जागीच थबकले. अख्खं खळं लालभडक झालं होतं. सिमेंटचा लाल रंग, वर चकाकी, आणि कडेला रंगीत छत्र्यांखाली प्लास्टिकच्या खुर्च्या.

"साहेबाची नाचायची जागा," दादा मागून म्हणाला.

"कोणता साहेब नाचत होता इथं?"

"नाचत असेलच की. एवढी सपाट जागा दुसरी कशाला करेल?"

आत्या टोपलं खाली ठेवून उठली. तिच्या थट्टेखाली काय होतं ते मला तेव्हा कळलं.

"मध्या," ती म्हणाली, "तीन सालानं झाडायनं असा भार धरला. हौदात पयला तोडा भिजून रायला. उद्या धुऊन काढा लागते. मी कोठी वाळवू? माह्या डोक्यावर?"

"परवापर्यंत खळ्यावर कुणी पाय ठेवायचा नाही. रंग ओला आहे. उद्या संध्याकाळी पुण्याचे डॉक्टर दातार येतायत, जुन्या वास्तूंचे तज्ज्ञ. त्यांच्या अहवालावर सगळं आहे."

"परवापावेतो कॉफी सडन."

"मग सडू दे!" दादा वैतागला. "असंही आत्या, हे शेवटचंच वर्ष. पाटी लागली की झाडं काढायचीच आहेत. त्या उतारावर कॉटेज होतील. तुलाही आराम."

आत्याला कुणीतरी मारल्यासारखं झालं. एरवी ती वाद घालणारी बाई. खाली बसली आणि फळं निवडू लागली. निवडलेली पुन्हा निवडत होती, हे मला दिसत होतं.

सोललेली कॉफी हौदातून धुऊन काढली की ती त्याच दिवशी पसरावी लागते. ढीग करून ठेवली की आंबते, काळी पडते, आणि मग तिचा वास असा सुटतो की व्यापारी पोत्याजवळ येत नाही. दादा त्याच मळ्यात वाढलेला. त्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण डोळ्यावर पाटी चढली की माणसाला बाकी काही दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा बडनेऱ्याच्या स्टेशनावर दातारांना आणायला गेला. त्याची जीप वळणाआड झाली, तशी आत्यानं कमरेला पदर खोचला.

"शैले, ऊठ. दिवाणखाना खाली कर."

"आत्या!"

"खळं त्याचं असन. घराची झाडलोट तीस सालं म्या केली. मले एक खोली नाई भेटत का दोन दिवस?"

मग काय विचारता! फुलकाय आणि तिच्याबरोबरच्या तोडणीच्या कोरकू बायका टोपल्या घेऊन आल्या. आम्ही कोच बाहेर ओढले, गालिचा गुंडाळला, ग्रामोफोन मोरीत ठेवला. कर्नलसाहेबांना मी खाली घेऊ लागले तर आत्या म्हणाली, "राहू दे त्याले. मिशा हायेत, राखण करन." दुपारपर्यंत सगळ्या दिवाणखान्यात ओली, पिवळसर कॉफी पसरली. उरली ती व्हरांड्यात, आणि त्यातूनही उरली ती दादाच्या पलंगावर.

आता त्या दिवाणखान्याच्या जमिनीबद्दल सांगायला हवं. ती सागाच्या फळ्यांची होती आणि दोन फळ्यांच्या मध्ये बोटभर फट होती. सगळीकडे. माझं बारसं थाटात करायचं म्हणून बाबांनी परतवाड्याच्या लाकूड डेपोतून लिलावात फळ्या आणल्या. सुतार सांगत होता, लाकूड ओलं आहे, वर्षभर थांबा. बाबा कसले थांबतात! बारसं झालं, उन्हाळा आला, आणि फळ्या आकसल्या. त्या फटींत माझ्या पेन्सिली गेल्या, आईच्या कानातलं गेलं, आणि थंडीत खालून असा वारा यायचा की आई बाबांचा उद्धार करत पायात मोजे घालायची.

पण त्या दिवशी त्याच फटींतून कॉफीचं पाणी टपटप खाली पोकळ जोत्यात निथळत होतं, आणि खालून येणारा वारा दाण्यांतून वर निघत होता. आत्या दंताळं फिरवता फिरवता म्हणाली, "तुह्या बापाचं एक काम तं कामी आलं."

संध्याकाळी जीप आली. डॉक्टर अच्युत दातार उतरले. बारीक चणीचे, गळ्यात कॅमेरा, हातात विजेरी, आणि चेहऱ्यावर समोरच्या प्रत्येक वस्तूला क्षमा केल्याचा भाव. दादानं त्यांना आधी आपल्या भिंतीसमोर उभं केलं.

"ही मूळ भिंत. शेवाळ पाहा ना सर."

दातारांनी नाक आक्रसलं. "काहीतरी आंबट वास येतोय. इथे गुरं बांधता का?"

"छे छे. जुन्या चुन्याचा वास."

"असं होय," म्हणून त्यांनी ते टिपून घेतलं.

खळ्याकडे त्यांनी उभ्या उभ्या पाहिलं. साहेबाची नाचायची जागा, असं दादानं सांगितल्यावर मान हलवली, एक फोटो काढला. हौदांपाशी त्यांनी साहेबाचे घोडे इथं पाणी प्यायचे का, असं स्वतःच विचारलं आणि दादानं लगेच हो म्हटलं. साहेबानं जे जे खरोखर बांधलं होतं ते सगळं असं पाच मिनिटांत उरकलं, आणि मग दादानं मोठ्या रुबाबात दिवाणखान्याचं दार उघडलं.

तो तोंडात मारल्यासारखा उभा राहिला.

आत कॉफी. भिंतीपासून भिंतीपर्यंत कॉफी. मधोमध आत्या, लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं, दंताळं फिरवते आहे. वरून कर्नल पाहतो आहे. खाली जोत्यात टपटप थेंब पडत आहेत.

"आत्..." दादाच्या घशातून एवढंच निघालं.

दातारांनी त्याला हातानं गप्प केलं. त्यांनी बूट काढले, मोजे काढले. उंबऱ्यावर गुडघे टेकून ते फटींत वाकून पाहू लागले. विजेरी लावली. हात घालून वारा लागतो का ते पाहिलं. मग वळले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, देवाशपथ.

"गावंडे," ते दादाला म्हणाले, "ही कॉफी इथे, घरात, वाळवतात?"

आता दादापुढे दोन वाटा होत्या. माझ्या आत्यानं माझा हुकूम मोडून माझ्या घरात गोंधळ घातला आहे, असं खरं सांगायचं, की आजवर सांगितलेल्या दीडशे वर्षांच्या थापांत आणखी एक घालायची. खोट्याची सवय झालेल्या माणसाला खरं बोलायला फार धाप लागते. दादानं ओठांवरून जीभ फिरवली.

"हो," तो म्हणाला. "परंपराच आहे आमची. पणजोबांपासून."

आमचे पणजोबा अचलपूरजवळ तूर पेरत होते. कॉफी हा शब्दही त्यांच्या कानावर गेला नसेल.

"आणि जमीन? तुमच्या अर्जात मूळची आहे असं म्हटलंय."

"मूळचीच. साहेबाच्या वेळची."

"मला वाटलंच!" दातार उठून उभे राहिले. "या फटी मुद्दाम ठेवल्यात. पाणी खाली, वारा वर! म्हणजे हा दिवाणखाना नव्हेच. ही वाळवणीची खोली आहे आणि घर तिच्याभोवती बांधलंय. देशात दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही."

आत्यानं दंताळं थांबवलं. तिला खोटं सोसत नसे. बाजारात मापात मूठभर कमी गेलं तरी ती व्यापाऱ्याला परत बोलावून सांगायची.

"साहेब," ती म्हणाली, "लाकूड ओलं व्हतं. आकसलं. माह्या भावानं घाई केली या पोरीच्या बारशाची."

दातारांनी तिच्याकडे मोठ्या मायेनं पाहिलं आणि दादाला हळूच म्हणाले, "नेहमीच असं होतं. मूळ कारण लोकांच्या स्मरणातून जातं आणि मग ते आपलं काहीतरी घरगुती कारण जोडतात. मावशी, तुम्ही दंताळं फिरवा. मी फोटो घेतो."

मी तोंड उघडलं होतं. पण दातार पुढे जे बोलले ते ऐकून मिटलं.

"मी शिफारस करतो. दर्जा नक्की मिळेल. पण माझी एक अट राहील, गावंडे. या खोलीचा वापर बदलायचा नाही. इथे पलंग नको, पार्ट्या नकोत. दर हंगामात इथे कॉफी वाळलीच पाहिजे. ती वाळते आहे तोवर ही वास्तू जिवंत आहे."

याच खोलीत दादाचा हनिमूनचा शाही कक्ष व्हायचा होता. त्यासाठी नाशिकहून छपरी पलंग सांगितलेला होता. दादानं कर्नलकडे पाहिलं, पण तिथूनही काही मदत आली नाही.

"अर्थात," तो म्हणाला.

मला हसू आवरेना म्हणून मी स्वयंपाकघरात पळाले. आत्या पाठोपाठ आली आणि आम्ही दोघी चुलीपुढे बसून पदर तोंडात कोंबून हसलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कॉफी वाचली, झाडं वाचली, आत्याचा जीव वाचला, आणि हे सगळं दादाच्याच तोंडून! आत्यानं पाहुण्यासाठी आपल्या हातची कॉफी केली, घट्ट, गुळाची, सुंठ घातलेली. ती घेऊन मी बाहेर गेले.

"कॉफी मला सोसत नाही," दातार म्हणाले. "चहा असेल तर अर्धा कप चालेल."

तो चहा आम्ही शेजारच्या वनरक्षकाकडून मागून आणला.

संक्रांतीला आत्यानं दादाच्या हातावर तीळगूळ ठेवला आणि म्हणाली, "गोड बोल रे बाप्पा. तुह्या बोलण्यानं लेकरं वाचली माही." लेकरं म्हणजे झाडं. दादा तीळगूळ चघळत विचार करत होता. दादा विचार करू लागला की घरच्यांनी सावध व्हावं, पण आम्ही दोघी त्या दिवशी फार खुशीत होतो.

मे महिन्यात सुटी लागल्यावर मी वर गेले, तर घाट चढतानाच कुऱ्हाडींचा आवाज आला.

उतार उघडा झाला होता. सावलीची मोठी झाडं तेवढी उभी, आणि त्यांच्याखाली कॉफीचे बुंधे, ताजे, पांढरे, ओळीनं. आत्या खळ्याच्या काठावर बसली होती. तिच्या मांडीवर एक फांदी होती, फुलांचे पांढरे झुबके सुकून तपकिरी झालेले. मी जवळ गेले तरी तिनं मान वर केली नाही.

मी दादाला गाठलं. काय बोलले ते आता आठवत नाही, पण ओरडत होते आणि रडत होते. दादानं शांतपणे खिशातून वारशाच्या दर्जाच्या सरकारी आदेशाची प्रत काढली.

"वाच. दिवाणखाना, त्याची जमीन, आणि वाळवण्याची पद्धत. हे जपायचं. झाडांचं नाव कुठं आहे? मी एका अक्षरानं कायदा मोडलेला नाही."

"आणि हंगामात तिथं वाळवणार काय? तुझं डोकं?"

"कॉफी. दक्षिणेत ढिगानं मिळते."

मी चिखलदऱ्याला जाऊन टपाल कचेरीतून दातारांना पुण्याला फोन लावला. त्यांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. "पण मी वास्तूचा माणूस," ते म्हणाले. "झाडं हा माझा विषय नाही. खोलीला तर काही झालं नाही ना?"

खोलीला काही झालं नव्हतं. दारावर पितळी पाटी लागली होती.

मी आत्याला म्हटलं, चल माझ्याकडे अमरावतीला. ती म्हणाली, "तठी येऊन काय करू? पोळी खाऊन भिंतीकडे पाहू?" आणि ती राहिली. जिथं सगळं गेलं तिथंच राहिली. याचा मला तिचाही राग आला होता, हे लपवत नाही.

पुढल्या जानेवारीत ट्रकनं पोती आली. कुठल्या डोंगरातली, कुणाच्या हातची, कोण जाणे. वाळलेलीच कॉफी ती, तिला हौदात बुचकळून ओली करायची आणि दिवाणखान्यात पसरायची, म्हणजे फटींतून थेंब पडत. उतारावर कॉटेज, कॉटेजमध्ये पर्यटक, आणि सकाळी न्याहारीनंतर दोरीच्या अलीकडे उभं राहून सगळ्यांनी वाळवण पाहायचं. आत्याला दादानं नवं इरकली लुगडं आणून दिलं होतं. जुनं दंताळं तिनं सोडलं नाही.

मी त्या वर्षी गेले तेव्हा नागपूरकडची काही कुटुंबं आली होती. आत्या दंताळं ओढत होती. दादा कडेला उभा राहून पणजोबांची हकिकत सांगत होता, आणि आता पणजोबांना साहेबानं स्वतः घोडा भेट दिला होता. एका बाईनं दोरीवरून वाकून कौतुकानं विचारलं, "आजी, ही परंपरा किती जुनी हो?"

आत्या थांबली. दादाकडे पाहिलं, मग त्या बाईकडे.

"हा माहा भाचा खोटं बोलला नं, तवापासून."

सगळे खो खो हसले. ती बाई नवऱ्याच्या दंडावर हात मारून हसली, पोरं हसली, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत मोठ्यानं दादा हसला. आत्या हसली नाही. तिनं दंताळं पुन्हा दाण्यांत घातलं.

माणसं पांगल्यावर दादा तिच्याजवळ आला. मी खांबाआड होते. मला वाटलं, आता भांडतो.

"आत्या," तो म्हणाला, "हे फार छान होतं. लोकांना आवडलं. आता रोज सांगत जा."

आत्या जगली तोवर रोज सांगत राहिली. एकानंही ते खरं मानलं नाही.